युद्धक्षेत्रात कंत्राटावर गेलेला माणूस कायद्याने कोण ठरतो?

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त नाईकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षे नोकरी करून ते पेन्शनवर आले. निपाणीकडील एका एजंटाने त्यांना इराकमधील अमेरिकी तळावर ‘सिक्युरिटी गार्ड’ची नोकरी देऊ केली आहे. एजंट सांगतो की, तुम्ही अमेरिकन सरकारची माणसे ठरता, काही बरेवाईट झाले तर सरकार बघून घेईल. त्यांचे मेहुणे सांगतात की, पैशासाठी परक्याची बंदूक हातात घेतलीत तर तुम्ही भाडोत्री सैनिक ठराल आणि सापडलात तर कोणी विचारणार नाही. या दोघांपैकी खरे कोणाचे?

माझ्या मते दोघांचेही खरे नाही. बेळगावच्या न्यायालयात मी पंचवीस वर्षे वकिली करतो आणि परदेशी तळांवर स्वयंपाकी, चालक, प्लंबर किंवा पहारेकरी म्हणून गेलेल्या माणसांची आणि त्यांच्या वारसांची कागदपत्रे गेली बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्यातून दिसलेली मुख्य गोष्ट ही की, तळाच्या फाटकावर उभा असलेला एकच माणूस युद्धाच्या कायद्यात एक असतो, भरपाईच्या कायद्यात दुसरा, फौजदारी कायद्यात तिसरा आणि आपल्या देशाच्या कायद्यात चौथा. प्रत्येक कायद्याने आपली व्याख्या आपल्या कामापुरती केलेली आहे आणि एका व्याख्येत बसलात म्हणून दुसरीत बसाल असे नाही. एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर माणसाचे किती काय अवलंबून असते, हे आपल्या सीमाभागात कोणाला वेगळे सांगायला नको.

मेहुण्यांचा मुद्दा आधी घेतो. ‘भाडोत्री सैनिक’ हा बोलण्यात शिवीसारखा वापरला जाणारा शब्द आहे, पण कायद्यात त्याची व्याख्या फार अरुंद आहे. जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम 47 मध्ये सहा अटी दिल्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्या माणसाची भरती खास लढण्यासाठी झालेली असली पाहिजे. त्याने लढाईत खरोखर प्रत्यक्ष भाग घेतलेला असला पाहिजे. त्याचा हेतू मुख्यतः कमाईचा असून त्याला त्याच दर्जाच्या सैनिकापेक्षा पुष्कळ जास्त मोबदला कबूल केलेला असला पाहिजे. तो लढणाऱ्या कोणत्याही पक्षाचा नागरिक किंवा त्याच्या ताब्यातील प्रदेशाचा रहिवासी नसावा. त्या पक्षाच्या सैन्यात दाखल झालेला नसावा. आणि तिसऱ्या एखाद्या राज्याने सरकारी कामगिरीवर पाठवलेला सैनिकही नसावा. यातील एक अट निसटली की व्याख्या लागू होत नाही. फाटकावर पहारा देण्यासाठी नेमलेला माणूस पहिल्याच अटीत बसत नाही. तिसऱ्या अटीबद्दल तर बोलायलाच नको, कारण आपल्याकडून जाणाऱ्या पहारेकऱ्याचा पगार त्याच तळावरील अमेरिकी शिपायाच्या पगाराच्या आसपासही नसतो. शिवाय भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश या प्रोटोकॉलचे सदस्य नाहीत. भाडोत्री सैनिकांविरुद्धच्या 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही भारत सहभागी नाही.

मग युद्धाच्या कायद्यात तुम्ही कोण? तुम्ही नागरी व्यक्ती. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम 4 मध्ये नागरी व्यक्तींचा एक खास गट आहे. सैन्याचे सदस्य नसूनही सैन्यासोबत राहणारे लोक, म्हणजे लष्करी विमानांवरील नागरी कर्मचारी, युद्धवार्ताहर, पुरवठा करणारे कंत्राटदार, मजुरांच्या तुकड्या आणि सैनिकांच्या सोयीसुविधा पाहणारे कर्मचारी, हे शत्रूच्या हाती सापडले तर त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. त्यासाठी ज्या सैन्यासोबत ते जातात त्याची परवानगी घेतलेली असली पाहिजे, आणि त्या सैन्याने त्यांना कराराच्या नमुन्याप्रमाणे ओळखपत्र देणे अपेक्षित आहे. अमेरिकी व्यवस्थेत या गटाला ‘सैन्यासोबत राहण्यास अधिकृत कंत्राटी कर्मचारी’ म्हणतात. त्यांची नोंद एका संगणकीय यादीत होते आणि प्रत्येकाला ‘लेटर ऑफ ऑथरायझेशन’ मिळते. तळावर जेवण कोठे मिळेल, दवाखान्यात कोणते उपचार होतील, लष्करी विमानात बसता येईल की नाही, हे सगळे त्या एका कागदावर लिहिलेले असते. एजंटाने दाखवलेले नेमणूकपत्र म्हणजे हे पत्र नव्हे. माझ्याकडे आलेल्या कागदांत दहापैकी आठ वेळा लोक नेमणूकपत्रच जपून ठेवतात आणि खरे पत्र तळावरच्या पेटीत विसरून येतात.

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. युद्धकैद्याचा दर्जा दोन राज्यांमधील युद्धातच मिळतो. समोर सशस्त्र गट असेल, आणि इराकमध्ये बहुतेक वेळा तसेच घडले आहे, तर चारही जिनिव्हा करारांत सारखेच असलेले कलम 3 तेवढे उरते. पकडलेल्या माणसाची हत्या, छळ किंवा त्याला ओलीस ठेवणे त्या कलमाने निषिद्ध आहे. सशस्त्र गटांनाही ते कायद्याने बांधते, पण ते पाळतातच असे नाही. 2004 च्या ऑगस्टमध्ये जॉर्डनमार्गे इराकमधील तळावर कामाला निघालेल्या बारा नेपाळी तरुणांना वाटेत पकडून ठार मारण्यात आले. ते कामगार होते, त्यांच्या हातात बंदूक नव्हती, आणि त्यातील कित्येकांना आपल्याला नेमके कोठे नेले जात आहे हेही नीट सांगितलेले नव्हते.

आता पहाऱ्याबद्दल, कारण हा भाग तुम्हाला थेट लागू आहे. नागरी व्यक्तीला हल्ल्यापासून जे संरक्षण मिळते ते ती लढाईत प्रत्यक्ष भाग घेत नाही तोवरच मिळते. ‘प्रत्यक्ष भाग’ म्हणजे काय, हे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने 2009 मध्ये सविस्तर मांडले. त्या मांडणीनुसार कृतीमुळे शत्रूच्या लष्करी कामाचे नुकसान होण्याची किंवा संरक्षित व्यक्ती-वस्तूंना इजा होण्याची शक्यता असावी लागते, ते नुकसान त्या कृतीतून थेट घडणारे असावे लागते, आणि कृती एका पक्षाला मदत व दुसऱ्याला हानी करण्यासाठी केलेली असावी लागते. सोप्या उदाहरणाने पाहा. रात्री तारेच्या कुंपणातून डिझेल चोरायला आलेल्या टोळीला तुम्ही हटकलेत, किंवा स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बेकायदा हल्लेखोरावर गोळी झाडलीत, तर तो लढाईतील सहभाग नव्हे. पण शत्रूचे सैन्य तळावर चालून आले आणि तुम्ही सैनिकांच्या रांगेत उभे राहून दारूगोळ्याचे कोठार राखू लागलात, तर त्या वेळेपुरते तुम्ही कायदेशीर लक्ष्य ठरता, अंगावरची पाटी ‘सिक्युरिटी’ची असली तरी. शिवाय सैनिकाला लढल्याबद्दल खटल्यापासून जे संरक्षण असते ते तुम्हाला नाही. सतरा वर्षांच्या सवयीचा इथे धोका आहे. फौजी माणसाला गोळीचा आवाज आला की मोर्चाकडे धावायचे एवढेच ठाऊक असते, आणि कंत्राटी पहारेकऱ्याने नेमके तेच करायचे नसते. करारपत्रासोबत बळाच्या वापराचे नियम वेगळे दिलेले असतात, ते सहीपूर्वी मागून वाचा.

चालकांसाठी एक वाक्य. दारूगोळा थेट आघाडीवर पोहोचवणे हा प्रत्यक्ष सहभाग मानला जातो, कारखान्यातून बंदरापर्यंत नेणे मानला जात नाही. पण दोन्ही प्रसंगी तो ट्रक हे लष्करी लक्ष्य असतोच आणि चालक त्याच्यातच बसलेला असतो.

एजंटाच्या ‘सरकारची माणसे’ या दाव्याकडे येऊ. अमेरिकी कायद्यात सरकारी कर्मचारी आणि कंत्राटी कर्मचारी यांच्यात भिंत आहे. 1998 च्या एका कायद्याने ‘मूलतः सरकारी काम’ या शब्दाची व्याख्या केली: लोकहिताशी इतके घट्ट जोडलेले काम की ते सरकारी कर्मचाऱ्यानेच करावे. थेट लढाईचे काम या भिंतीच्या आत राहते. स्वयंपाक, धुलाई, बांधकाम, वाहतूक आणि ठरावीक मर्यादेतील पहारा भिंतीबाहेर देता येतो, आणि तिथेच तुमच्यासारख्यांची नोकरी निर्माण होते. सरकारचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो, त्याचा उपकंत्राटदाराशी, त्याचा आखातातील मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीशी आणि त्या कंपनीचा तुमच्याशी. कागदोपत्री तुम्ही ‘थर्ड कंट्री नॅशनल’, म्हणजे ना अमेरिकी ना स्थानिक. सरकार तुमचा मालक नसते.

तरीही ही साखळी वरपर्यंत जाते याला फार मोठा अर्थ आहे, आणि तो अर्थ ‘डिफेन्स बेस अ‍ॅक्ट’ या 1941 च्या कायद्यात आहे. अमेरिकेबाहेरील लष्करी तळांवर किंवा अमेरिकी सरकारच्या ‘सार्वजनिक कामा’च्या कंत्राटांवर काम करणाऱ्या माणसाला इजा झाली किंवा मृत्यू आला, तर मालकाच्या विमा कंपनीने भरपाई द्यायची, असे तो सांगतो. यातील प्रत्येक शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. ‘सार्वजनिक काम’ म्हणजे नुसते बांधकाम नव्हे, तर सेवा-कंत्राटे आणि युद्धविषयक कामेही त्यात येतात. ‘कंत्राट’ म्हणताना उपकंत्राटही धरले जाते. कर्मचारी कोणत्या देशाचा, हे विचारले जात नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारतो की, साखळीच्या टोकाला कोणते सरकार आहे आणि त्या मूळ कंत्राटाचा क्रमांक काय. हा क्रमांक करारपत्रावर बहुधा वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, आणि भरपाईची सगळी इमारत त्याच्यावर उभी असते.

एक प्रकरण सांगतो. नंदगडजवळच्या एका गावातील माणूस अफगाणिस्तानातील तळावर मुदपाकखान्यात कामाला होता. पाळी संपवून, राहण्याच्या कंटेनरच्या पायरीवर बसून तो घरी फोन करत होता, तेवढ्यात रॉकेट पडले. बायकोच्या कानावर आवाज आला आणि फोन बंद झाला. पुढे मनुष्यबळ कंपनीचा माणूस गावात आला, तीन लाख रुपये दिले आणि ‘सर्व हक्क पूर्ण व अंतिम’ अशा इंग्रजी पावतीवर तिची सही घेतली. कामाची वेळ संपली होती, त्यामुळे आणखी काही मिळत नाही, असेही सांगून गेला. ती बाई सगळे कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्याकडे आली, त्यात त्याचे तळावरचे ओळखपत्रही होते.

कंपनीच्या माणसाचे दोन्ही मुद्दे कायद्यात टिकत नव्हते. पहिला कामाच्या वेळेचा. 1951 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गुआम बेटावरील एका खटल्यात ‘विशेष धोक्याचे क्षेत्र’ ही कल्पना मान्य केली. तिथला कर्मचारी सुट्टीच्या वेळी समुद्राच्या धोकादायक खाडीत बुडणाऱ्यांना वाचवायला उतरला आणि मेला. नोकरीनेच त्याला त्या धोक्याच्या जागी आणून ठेवले होते, म्हणून मृत्यू नोकरीशी जोडलेला मानता येतो, असे न्यायालय म्हणाले. कंटेनरच्या पायरीवर बसलेला स्वयंपाकी तर त्याहून स्पष्ट उदाहरण. दुसरा मुद्दा पावतीचा. या कायद्याखालील भरपाईचा हक्क कर्मचारी किंवा वारस खासगी कागदावर सोडून देऊ शकत नाही. तडजोड करायची तर तिला अमेरिकी कामगार विभागाच्या अधिकाऱ्याची किंवा न्यायाधीशाची मंजुरी लागते.

त्यानंतर ‘विधवा’ या शब्दाची व्याख्या आडवी आली. मृत्यूच्या वेळी पतीसोबत राहणारी, त्याच्यावर अवलंबून असलेली किंवा योग्य कारणाने वेगळी राहणारी पत्नी, असे कायदा म्हणतो. पती परदेशी आणि पत्नी गावी, म्हणजे ‘वेगळी राहणारी’ असा सूर विमा कंपनीने लावून पाहिला. दर महिन्याला तिच्या खात्यावर आलेल्या पैशाच्या नोंदी दाखवल्यावर तो सूर थांबला. खरा वेळ गेला तो आपल्याकडच्या कागदांवर. लग्नाचा पुरावा मराठीत, मृत्यूचा दाखला आणि वंशावळ कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत, आणि बाईचे नाव शिधापत्रिकेवर माहेरचे तर पासपोर्टवर सासरचे. तिन्ही भाषांतून प्रमाणित भाषांतरे आणि एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यात वर्ष गेले, निकालाला तीन.

रकमेचे गणित थोडक्यात असे. पूर्ण अपंगत्वात सरासरी आठवड्याच्या वेतनाच्या दोनतृतीयांश, मृत्यूनंतर फक्त पत्नी असेल तर निम्मे, मुले असतील तर मिळून दोनतृतीयांश. मात्र परदेशी वारसांसाठी दोन खाचा आहेत. पत्नी व मुले नसतील तेव्हाच आईवडिलांचा विचार होतो, तोही ते मृताच्या कमाईवर अवलंबून असतील तर; आणि पुढील सर्व हप्त्यांऐवजी त्यांच्या ठोक किमतीची निम्मी रक्कम देऊन दावा मिटवण्याची मुभा कायद्यात आहे. हा भेदभाव मला आजवर पटलेला नाही, पण तो कायद्यात लिहिलेला आहे. इजेची सूचना तीस दिवसांत आणि दावा एक वर्षात करायचा असतो. मालकाने कामगार विभागाला दहा दिवसांत अहवाल पाठवायचा असतो, आणि तो पाठवलाच नसेल तर ही वर्षाची मुदत सुरू होत नाही. उशिरा जागे झालेल्या कित्येक घरांना याच तरतुदीने हात दिला आहे. वकिलाची फीसुद्धा मंजूर करून घ्यावी लागते, त्यामुळे भरपाईतील हिस्सा आगाऊ लिहून मागणाऱ्यापासून दूर राहा, मग तो माझ्याच व्यवसायातला का असेना.

एजंटाच्या बोलण्यातील खरा अंश एवढाच की, इजा ‘युद्धजन्य धोक्या’मुळे झाली असेल तर 1942 च्या एका कायद्याने अमेरिकी सरकार विमा कंपनीला तिचा खर्च परत देते. त्या धोक्याच्या व्याख्येत शत्रूचे शस्त्र, स्फोटके, बंडाळीतील कारवाई हे सगळे येते, आणि युद्ध रीतसर जाहीर झालेले असण्याची अट नाही. पण तो हिशेब सरकार आणि विमा कंपनी यांच्यातला; वारसाला आपला दावा स्वतःच लावावा लागतो.

फौजदारी बाजू लवकर उरकतो. तळावर तुमच्या हातून गंभीर गुन्हा घडला तर 2000 च्या अमेरिकी कायद्याने तुम्हाला अमेरिकेत नेऊन खटला चालवता येतो, कारण त्यातील ‘अमेरिकेबाहेर अमेरिकी सैन्याने कामावर ठेवलेले’ या व्याख्येत कंत्राटदार आणि त्यांचे कर्मचारी मोडतात. 2004 मध्ये ती इतर खात्यांच्या काही कंत्राटांपर्यंत वाढवली गेली. 16 सप्टेंबर 2007 रोजी बगदादच्या निसूर चौकात खासगी सुरक्षारक्षकांच्या गोळीबारात सतरा इराकी मारले गेले, तेव्हा या व्याख्येवरच मोठा वाद झाला, कारण ते रक्षक परराष्ट्र खात्याच्या कंत्राटावर होते. त्याशिवाय 2006 पासून जाहीर नसलेल्या लष्करी मोहिमांतही सैन्यासोबत असलेल्या नागरी माणसावर लष्करी न्यायालय चालू शकते. इराकी कायद्यापासूनचे जुने संरक्षण 2009 च्या सुरुवातीपासून उरलेले नाही.

आपल्या देशाच्या कायद्यात तुमची गोष्ट आणखी वेगळी होते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली इराकसह अठरा देशांत कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला सरकारी मंजुरी लागते आणि तिथे करारपत्र तपासले जाते. तुम्ही दहावी पास असाल तर तुमच्या पासपोर्टला ती अट नाही, म्हणजे शिकलेला म्हणून तुम्ही त्या चाळणीतून सुटता. माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त फौजींपैकी बहुतेकांचे असेच होते. एजंट मात्र दोन्ही बाबतींत नोंदणीकृतच हवा, आणि त्याला सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. अमेरिकी कंत्राटांच्या नियमांत तर कामगाराकडून भरतीचे पैसे घेणे आणि पासपोर्ट काढून घेणे दोन्ही मना आहे. नोकरी भारतीय सुरक्षा कंपनीमार्फत असेल तर 2005 च्या कायद्याप्रमाणे परदेशात पहारा पुरवण्यासाठी त्या कंपनीने वेगळी परवानगी घेतलेली असावी लागते. त्या कायद्यात ‘खासगी सुरक्षा’ म्हणजे व्यक्ती किंवा मालमत्तेची राखण, लढाई नव्हे. आणि मेहुण्यांच्या भीतीला जर कोठे आधार असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 153 मध्ये आहे. भारताशी सलोखा असलेल्या परकीय राज्याच्या सरकारविरुद्ध युद्ध करणे हा तिथे गुन्हा आहे. फाटकावरचा पहारा त्यात येत नाही.

शेवटी ‘कंत्राट’ या शब्दाबद्दलच सावध करतो. 2024 मध्ये आपल्याच राज्यातील कलबुर्गी जिल्ह्यासह देशाच्या अनेक भागांतील तरुणांना ‘मदतनीस’ किंवा ‘सिक्युरिटी हेल्पर’ म्हणून रशियात नेऊन युक्रेनच्या आघाडीवर पाठवल्याचे उघड झाले, केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला आणि काही भारतीय तिथे मरण पावले. त्यांनी सही केलेला कागदही ‘करार’च होता; पण रशियात सैन्याशी करार करणारा माणूस सैन्यात भरती होतो. तो कंत्राटदाराचा नोकर राहत नाही, नागरी राहत नाही, आणि सैन्याचा सदस्य झाल्यामुळे कलम 47 प्रमाणे भाडोत्रीही ठरत नाही. तो सैनिक ठरतो, कायदेशीर लक्ष्य ठरतो आणि मनात आले म्हणून नोकरी सोडू शकत नाही. करारपत्रावर समोरचा पक्ष म्हणून कंपनीचे नाव आहे की संरक्षण मंत्रालयाचे, एवढे एक पाहिले असते तर हा फरक सहीपूर्वी कळला असता.

तुमच्या करारपत्राची प्रत मी पाहिलेली नाही. येताना ती आणा, एजंटाचा नोंदणी क्रमांक आणा आणि त्याला तीन गोष्टी लेखी विचारून या: मूळ कंत्राटाचा क्रमांक, डिफेन्स बेस विमा देणाऱ्या कंपनीचे नाव, आणि तळावर पोहोचण्याआधी ‘लेटर ऑफ ऑथरायझेशन’ कोण देणार. फोनवर सांगतो म्हणाला तर नको म्हणा. आणि जाण्याचे ठरलेच, तर त्या पत्राचा आणि ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून पहिल्याच दिवशी घरी पाठवा.